तीन तारे दिले आणि लेखकाचा फोन आला

खानदेशातल्या एका शिक्षकाची पहिली कादंबरी मला मनापासून आवडली, आणि त्यात खटकलंही बरंच. दोन्ही लिहायचं ठरवलं.

वाचक जिथे पुस्तकांना तारे आणि अभिप्राय देतात त्या गुडरीड्स या संकेतस्थळावर त्या पुस्तकाची नोंद नव्हती. मराठी पुस्तकांच्या बाबतीत हे नेहमीचंच. आधी नोंद करून घेतली. मागच्या बारकोडजवळचा, ९७८ने सुरू होणारा १३ आकडी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, दिला. शीर्षक देवनागरीत दिलं आणि लेखकाचं नाव दोन्ही लिप्यांत, म्हणजे कसंही शोधलं तरी सापडेल.

खरी अडचण लिहितानाच आली. कादंबरीतली आजी सुरुवातीला अस्सल अहिराणी बोलते आणि मध्यानंतर पुण्याच्या वर्तमानपत्रासारखं. मी धुळ्याची, त्यामुळे ते कानाला लगेच टोचलं. पण नुसतं ‘भाषा बिघडली’ लिहून भागणार नव्हतं. पुस्तक पुन्हा वाचून ज्या पानांवर हे होतं त्यांचे क्रमांक टिपले. विहिरीवरच्या भांडणाचं प्रकरण मात्र इतकं जिवंत आहे की त्याबद्दल मी सगळ्यात जास्त लिहिलं. लेखकाच्या हेतूबद्दल एक वाक्य लिहून झालं होतं, ते काढलं. पानावर आहे तेवढ्यावरच बोलायचं.

तारे तीन दिले. गुडरीड्सवर तीनचा अर्थ ‘आवडलं’ असा आहे. ॲमेझॉनवर मात्र तेच तीन तारे टीकेच्या बाजूला मोजले जातात, म्हणून तारे देताना कुठे देतोय हे बघावं लागतं.

मग लेखकाचा फोन आला. एका पुस्तकविक्रेत्याकडून त्यांनी माझा नंबर मिळवला होता. लेखकांनी नकारात्मक अभिप्रायाला उत्तर देऊ नये, असं गुडरीड्स सुचवतं. पण आपल्याकडे दिवाळी अंकात कथेखाली लेखकाचा मोबाइल नंबर छापलेला असतो आणि वाचक बेलाशक फोन करतात. मग लेखकानेही केला, तर मला त्यात वावगं वाटत नाही.

“ताई, तीन म्हणजे साठ टक्के हो,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण लागलं होतं हे कळत होतं. पाचशे प्रतींची आवृत्ती, आणि जाहीर अभिप्राय हा एवढा एकच. “सर, तारे बदलणार नाही. पण पानं सांगते, पुस्तक उघडा,” मी म्हटलं. मग आम्ही एकेक पान काढून बोललो. दोन ठिकाणी त्यांनी माझं म्हणणं खोडून काढलं: तिथे आजी तालुक्याच्या साहेबांसमोर मुद्दाम तसं बोलते. ते मला पटलं आणि अभिप्रायात तशी भर घातली. बाकीच्या पानांवर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, संपादनात अहिराणी ‘सोपी’ करायला सांगितलं होतं आणि त्यांनी ते मान्य केलं. पहिलं पुस्तक हातचं जाऊ नये म्हणून लेखकाला आपल्या आजीची बोली सोडावी लागते, याचं मला फार वाईट वाटलं.

फोन ठेवण्याआधी त्यांनी विचारलं, दुसऱ्या कादंबरीचं हस्तलिखित वाचाल का? वाचेन म्हटलं, पण मग त्या पुस्तकावर जाहीर लिहिणार नाही. कच्च्या मसुद्यात ज्याने हात घातला त्याने वाचक म्हणून तारे देऊ नयेत. ते क्षणभर थांबले, मग म्हणाले, “चालेल. भाषा तेवढी बघा.”

हस्तलिखित कुरिअरने आलं आहे. त्याचा जाहीर अभिप्राय दुसऱ्या कुणीतरी लिहावा, शक्यतो अहिराणी बोलणाऱ्याने.