अंगठा लागेना

नोव्हेंबर आला की माझ्या दुकानात म्हाताऱ्यांची जत्रा भरते. बेळगावच्या वडगावात माझं छोटं कॉम्प्युटर सेंटर हाय, उतारे, पॅन कार्ड, लाईट बिल, झेरॉक्स सगळं चालतं, पण नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांचा महिना. हयातीचा दाखला. सरकारला दरवर्षी कळवायचं की मी अजून हाय, पेन्शन बंद करू नका. २०१४ पासून हे ऑनलाईन झालंय, आधार नंबर टाकायचा, मशीनवर बोट ठेवायचं, झालं. म्हणजे व्हायला पाहिजे. जन्मभर विळा-खुरपं धरलेल्यांच्या बोटावर रेषाच उरलेल्या नसतात, मग हात धुवा, पुसा, तेल लावा, दुसरं बोट, तिसरं बोट, तोवर सर्व्हर बसतो.

त्यात फॉर्मवर दोन प्रश्न असतात, परत नोकरी धरली काय आणि परत लग्न केलंय काय. सगळ्यांना विचारावे लागतात. नवऱ्यामागं फॅमिली पेन्शन घेणाऱ्या एका आज्जीनं मला उलट विचारलं, "बघून ठेवलायस काय कोण?" दुकानातले सगळे हसले, आज्जी सगळ्यात जास्त.

तर त्या दिवशीची गोष्ट. आदल्या रात्री हिंजवडीतल्या दोस्तानं व्हॉट्सअपवर एक व्हिडिओ पाठवला होता, सुखी आयुष्य म्हणजे काय म्हणून. (स्वतः फ्लॅटच्या हप्त्यापायी रात्री दोनला जागा असतो, तो भाग वेगळा.) त्यात हार्वर्डचे वॉल्डिंगर साहेब सांगत होते, १९३८ पासून त्यांच्याकडं एक अभ्यास चाललाय, कॉलेजातली २६८ पोरं आणि बोस्टनच्या गरीब वस्तीतली ४५६, त्यांना म्हातारी होईपर्यंत वर्षानुवर्षं प्रश्न विचारले, रक्त तपासलं, घरी जाऊन बायकांशी पण बोलले. निष्कर्ष काय, तर पैसा नाही, नाव नाही, ज्याची माणसांशी नाती चांगली तो जास्त सुखी आणि तब्येतीनं पण बरा. मला पटलं. सकाळी ते डोक्यात घेऊनच मशीन बॅगेत घातलं आणि राजहंसगडाकडच्या एका खेड्यात हवालदार आज्जांकडं गेलो, कारण त्यांचा अंगठा दुकानात दोनदा फेल झालेला.

आज्जा मराठा सेंटरमधून, म्हणजे फौजेतून रिटायर, वय ८४, ७१ च्या लढाईत होते. घरी नव्हतेच. सून म्हणाली, "मामा शेताकडं गेल्यात, सुगी हाय न्हवं." भात कापणी चाललेली, सगळ्या शिवारात तो ओल्या पेंढ्यांचा वास, बासमतीचा असला की लांबूनच कळतो. आज्जा खळ्यावर भारे मोजत उभे.

"काय करूलालास इथं?"

म्हटलं तुमचा दाखला. हात बघितला तर बोटांवर चिरा आणि चिरांत माती. बोटाचा नाद सोडला. आता तोंडावरून पण दाखला होतो, २०२१ पासून, मोबाईल समोर धरायचा, माणसानं डोळे मिटून उघडायचे. आज्जांना सांगितलं तर ते सावधानमध्ये उभे, नजर एकदम समोर, पापणी हलेना.

"आज्जा, डोळे मिटा."

"फोटोत डोळे मिटायचे नसतात. पेन्शन बुकाच्या फोटोला मिटले होते तर क्लार्कानं शिवी दिलेली."

चारदा फेल. पाचव्यांदा पलीकडं बायका भात वारवत होत्या, वारा फिरला, भुसकट आज्जांच्या डोळ्यात, दोनदा मिचकावले आणि इकडं हिरवी टिक.

मग मला व्हिडिओ आठवला. सहज विचारलं, "आज्जा, सुखी हायसा काय?"

"गुडघा सोडला तर. आणि पुढच्या वर्षी ८५ पुरी झाली की पेन्शनीवर ३० टक्के जादा मिळत्यात, आता २० च मिळत्यात." आणि परत भारे मोजायला लागले, मोजणी चुकली म्हणून माझ्यावर चिडले.

एवढ्यात बांधापलीकडनं कुणीतरी खोकलं. चांगलं घोगरं, दोन-तीनदा. आज्जांची मोजणी क्षणभर थांबली, त्या बाजूला बघितलं पण नाही, परत सुरू.

पलीकडचे म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, मराठी शाळेतले रिटायर मास्तर. दीड हात बांधावरून कोर्टात गेले, केस कधीच संपली पण बोलणं जे तुटलं ते वीसेक वर्षं तुटलेलंच, लग्नाला नाही, बारशाला नाही. मी मनात म्हटलं, आता हार्वर्डवाले ह्याला कुठल्या खान्यात टाकतील? फॉर्मवर लिहिणार भावाशी संबंध नाही. आणि माणूस तर ठणठणीत, संध्याकाळी भाकरी खाऊन गार झोपणारा. अभ्यास खोटा म्हणायची माझी लायकी नाही, पण खाने कमी पडले असतील असं वाटलं खरं.

बॅग भरून निघालो तर आज्जा पेंढी बांधता बांधता, माझ्याकडं न बघता, "मास्तराचं झालं काय?"

"न्हाई, उद्या जातो त्यांच्याकडं."

"उद्या नको. मळणी मशीन येणार हाय त्याच्याकडं. परवा सकाळी जा. आणि उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय त्याचं, उन्हात उभा करू नको."

बोलत नाहीत मग हे कळतं कसं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

परवा सकाळी मास्तरांकडं गेलो. सावलीत बसवलं, पहिल्या झटक्यात टिक आली. चहा दिला. मग बशीत फुंकर मारत म्हणाले, "फौजेवाल्यांचं बरं हाय बघ. ज्येष्ठात ८५ पुरी होत्यात त्याला, ३० टक्के होणार."

म्हटलं, कुणाला?

"पी चहा, गार होतोय."