लातूरचा उन्हाळा आणि बुंदीचं ओलं बीळ (लेपर्ड गेको, ह्युमिड हाइड लॉग)

बुंदी म्हणजे माझी लेपर्ड गेको, काचेच्या टँकमध्ये पाळलेली ठिपक्यांची पाल. मार्चमध्ये तिनं कात टाकली तेव्हा मागच्या उजव्या पायाच्या दोन बोटांवर कातडी तशीच राहिली. मला ती दिसली चार दिवसांनी, तेपण ती काचेला पाय लावून उभी होती अन् मी मोबाईलचा टॉर्च मारला म्हणून, दोन बोटांना पांढरी टोपणं घातल्यासारखं दिसायलं होतं. ज्यांनी गेको पाळलेत त्यांना हे सांगायला नको, सुकलेली कातडी दोऱ्यासारखी आवळत जाते, बोटाचं रक्त अडतं, बोट काळं पडतं अन् गळून जातं.

त्या दिवशी डब्यात कोमट पाणी घेतलं, तीस डिग्रीच्या आसपास, पोटाच्या खालीच राहील एवढंच, वीस मिनिटं तिला त्यात ठेवलं अन् मग ओला इअरबड बोटावरून हळूहळू फिरवला. एक टोपण लगेच निघालं, दुसऱ्याला अजून दोन दिवस हाच कार्यक्रम करावा लागला. चिमट्यानं कोरडं ओढू नका कुणी, खालची नवी कातडी सोलून निघते. बोट सुजलं किंवा काळं दिसलं तर घरी काही करत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा. आपल्या भागात उदगीरला अन् परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, आधी फोन करून सरपटणारे प्राणी बघतात का ते विचारून घ्या.

बोटं वाचली. पण चूक माझी होती, टँकमध्ये ह्युमिड हाइडच (लपायला ओलसर, बिळासारखी जागा) नव्हतं. सगळीकडं वाचलं होतं की हा कोरड्या भागातला प्राणी, अफगाणिस्तान, पाकिस्तान, वायव्य भारत, खडकाळ रानात राहतो, मग ओल कशाला पाहिजे. आता कळतंय की खडकाळ रानात राहत असला तरी दिवसभर तो उघड्यावर नसतोच, दगडाखाली नाहीतर बिळात पडून असतो अन् तिथली हवा वरच्यापेक्षा बरीच दमट असते. आपण काचेच्या पेटीत रान कोरडं देतो अन् बीळ द्यायचं विसरतो.

त्यात गाव लातूर. एप्रिलच्या दुपारी खोलीतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली गेलेली मी स्वतः बघितली. टँकच्या उघड्या भागात आर्द्रता तीस-चाळीस टक्के अन् हाइडच्या आत सत्तर-ऐंशी, असं गणित पाहिजे.

६ एप्रिल. पहिलं काम मीटर तपासणं. डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचा मीटर) स्वस्त आहे म्हणून त्याच्यावर लगेच विश्वास टाकू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घेतलं, थोडं पाणी टाकून गच्च चिखलासारखं केलं (पाणी वर तरंगायला नको), मीटर अन् ते झाकण झिपलॉक पिशवीत बंद करून रात्रभर ठेवलं. मिठाच्या अशा चिखलावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. माझा मीटर सकाळी ६९ दाखवत होता, म्हणजे सहा कमी. आता प्रत्येक आकड्यात सहा मिळवून वाचतो, खाली दिलेले आकडे मिळवूनच दिलेत.

७ एप्रिल. मागच्या येळवशीचं (वेळ अमावस्येचं) एक बिंदगं, म्हणजे छोटं मडकं, माळ्यावर पडून होतं, आंबील शेतात नेलेलं. मातीचं, गोल, बुंदी आरामात आत जाईल एवढं तोंड, आडवं ठेवलं की बिळासारखंच दिसतं. मला तर ते इतकं आवडलं की दुसरं काही बघितलंच नाही. दोनदा गरम पाण्यानं धुतलं, उन्हात वाळवलं, आत ओलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) भरलं अन् टँकच्या मधोमध ठेवलं. बुंदी त्याच रात्री आत जाऊन बसली.

१२ एप्रिल. आंबट वास. मॉस बाहेर काढलं तर बिंदग्याच्या आतल्या अंगाला करडी बुरशी. माती पिते, आंबिलातलं ताक आत मुरलेलं असतं, ते धुवून निघत नाही, वरून मी त्याला ओल अन् ऊब दोन्ही दिली. बुंदीला लगेच बाहेर काढलं, टँक पुसून घेतला, बिंदगं कुंडीत गेलं. कुणी जुनं दुधा-ताकाचं, लोणच्याचं, तेलाचं मातीचं भांडं वापरायच्या विचारात असेल तर नका वापरू.

१४ एप्रिल. आई म्हणाली, "अरे, कुंभाराकडं नवं मिळतंय की, त्याला काय सोनं लागतंय." नवं कोरं आणलं. आधी एक दिवस पाण्यात बुडवून ठेवलं, मग तीच मांडणी. इथं मला खरी गोष्ट शिकायला मिळाली अन् हा लॉग मुळात तेवढ्यासाठीच लिहायलोय.

टँक आमच्या जुन्या माळवदाच्या (मातीच्या छताच्या) खोलीत आहे, बाहेर चाळीस असलं तरी तिथं ३३-३४ च्या वर जात नाही. बिंदग्याच्या आत थर्मामीटरचा प्रोब ठेवला तर तापमान २५! आपण माठात पाणी गार का करतो, तेच. माती पाणी बाहेर झिरपवते, कोरडी हवा ते उडवून नेते अन् जाताना उष्णता घेऊन जाते. लातूरच्या हवेत हे इतक्या जोरात होतं की रात्री नऊला भिजवलेलं मॉस सकाळी वरून कुरकुरीत. म्हणजे बीळ गारही झालं अन् वाळलंही, दोन्ही नको होतं. कात टाकायच्या वेळी गेकोला ओल पाहिजे पण ऊबही पाहिजे, गार ओल्या जागेत जास्त वेळ बसला तर पचन मंदावतं अन् श्वासाचे त्रास व्हायची भीती असते. कोकणातल्या दमट हवेत मातीचं हाइड कदाचित छान चालेल, आपल्याकडं उन्हाळ्यात ते माठच होतं.

अजून एक, आमचं बोअरचं पाणी जड. चार दिवसात बिंदग्यावर बाहेरून पांढरे क्षार फुटले. २०१६ ला ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं पाण्याबद्दल कुणी तक्रार करत नाही, पण हाइडला दिवसाला दोन-तीन चमचेच लागतात, तेवढं फिल्टरचं घेतो.

१९ एप्रिल. शेवटी श्रीखंडाचा एक किलोचा प्लॅस्टिक डबा, झाकणासकट. पुतणीनं बाजूला गोल आखून दिला, मी खिळा तापवून भोकं पाडत गोल कापला, डोकं अन् पोट सहज जाईल एवढा, फार मोठा नाही, नाहीतर ओल पळते. कडा पॉलिश पेपरनं घासल्या, बोट फिरवून बघितलं, कुठं टोचत नाही ना. वरून दोन बारीक भोकं हवेला. डबा पाण्यानं भरून एक दिवस ठेवला, वास गेल्यावरच वापरला.

आत काय भरायचं याच्यावर मी तिन्ही करून बघितलं. नर्सरीतला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) स्वस्त, पण काही विटांमध्ये मीठ असतं, दोन-तीनदा पाणी बदलून धुवावा लागतो, शिवाय बुंदीच्या बोटांना चिकटून सगळ्या टँकभर येतो. किचन टिश्यू सगळ्यात बिनधोक, पिल्लांना अन् आजारी गेकोला तेच द्या, पण रोज बदलावा लागतो. मोठ्या गेकोला स्फॅग्नमच बरं. मुठीत दाबलं की थेंब पडायला नको पण हाताला ओल जाणवली पाहिजे. मीलवर्म मात्र हाइडच्या जवळ सोडत नाही, किड्यासोबत मॉसचा तुकडा पोटात जायला नको, वाटीतच देतो.

डबा ठेवला मध्ये, पण हीट पॅडच्या (टँकला ऊब देणाऱ्या विजेच्या पट्टीच्या) कडेला अर्धा टेकेल असा. थर्मोस्टॅट ३२ वर. आकडे: आत ३०, आर्द्रता ८१. दुसऱ्या दिवशी ७८. चौथ्या दिवशी ७१, तेव्हा दोन चमचे पाणी शिंपडलं. वरच्या टँकमध्ये ३२ टक्केच, म्हणजे बाकी सगळं कोरडंच राहिलं, हेच पाहिजे होतं. मॉस दर रविवारी काढतो, उकळत्या पाण्यातून काढून पिळतो, महिन्याला नवीन. त्यात शी दिसली तर त्याच दिवशी फेकतो.

एक अडचण आली, बुंदी डब्यात जाईना. पाच दिवस नुसती तोंडापर्यंत जायची, जीभ लावायची अन् परत कोरड्या हाइडमध्ये. डबा पांढरा, अर्धपारदर्शक, आत उजेड होता. बाहेरून तपकिरी कागदी टेप गुंडाळला, आत अंधार झाला, त्याच रात्री गेली.

३ मे. रंग फिका पडला, ठिपके दुधाखाली गेल्यासारखे, डोळे अर्धे मिटलेले. कात येणार. जेवण दिलं नाही, या दिवसात ती तसंही खात नाही अन् उगाच किडे अंगावर चढून त्रास देतात.

४ मे, रात्री साडेअकरा. डब्यातनं खरखर आवाज येत होता. झाकण उघडायचा लई मोह झाला, नाही उघडलं, लाल टॉर्चनं तोंडातूनच बघितलं. मॉसला नाक घासून तिनं ओठापासून कातडी मोकळी केली होती अन् मोज्यासारखी मागं सरकवत होती, मधेमधे तोंडानं ओढून खाऊन टाकत होती. खातात ते कातडी, घाबरू नका नवीन लोकांनी. चाळीस मिनिटात सगळं झालं.

५ मे. सकाळी बाहेर आली तेव्हा काचेच्या खालून टॉर्च मारून बोटं मोजली, चार पाय, पाच-पाच. वीसच्या वीस स्वच्छ. ज्या दोन बोटांवर मार्चमध्ये टोपणं होती त्यातल्या एकाचं नख अजून थोडं आखूड आहे, बाकी रंग गुलाबी. शेपटीचं टोक अन् पापण्यापण बघितल्या, तिथंही काही अडकलेलं नाही. पुतणीनं पाटीवर वीस लिहून टँकला चिकटवलंय.

आता जूनमध्ये पाऊस लागला की खोलीतलीच आर्द्रता साठ-सत्तरवर जाईल, तेव्हा डब्यातलं पाणी कमी करून वरची भोकं दोनाची चार करणार आहे. नवं बिंदगं फेकलं नाही, मॉस काढून कोरडंच थंड बाजूला ठेवलंय अन् दुपारी खोली ३४ च्या वर गेली तर बाहेरून एका बाजूला ओलं फडकं लावतो, सध्या बुंदी दुपारची तिथंच झोपायलीय.