श्रुतलेखनात जहाज आणि मेंढी

जत तालुक्याच्या पूर्वेला, कर्नाटकच्या हद्दीला लागून आमची शाळा. वर्ग मराठी माध्यमाचा, पण बरीच पोरं घरी कन्नड बोलणारी. त्यातली एक मुलगी ‘तो भाकरी’ म्हणायची आणि वर्ग हसायचा.

त्या दिवशी सहावीला इंग्रजीचं श्रुतलेखन होतं. शिप-शीप, फुल-फूल, बिट-बीट अशा जोड्या मी उलटसुलट सांगितल्या. ओठ बघून कुणी ओळखू नये म्हणून हजेरीपट तोंडासमोर धरला होता. वह्या बघतोय तर जवळपास सगळ्या मराठी बोलणाऱ्या पोरांनी जहाजाची मेंढी करून टाकलेली. ‘तो भाकरी’ म्हणणाऱ्या ह्या पोरीचं मात्र सगळं बरोबर.

मराठी पोरांचं असं होणारच. खीर, फूल, मूल, बहीण बोलून बोलून शेवटचं अक्षर अकारान्त असलं की त्याच्या आधीचा इकार-उकार ओढायची सवय जिभेत बसलेली असते. मूल लांब, मुलाला आखूड. ऱ्हस्व की दीर्घ हे बहुतेक वेळा शब्दातली जागाच ठरवते, मग कान कशाला लक्ष देतोय? १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचं ठरवलं, तेही उच्चाराला धरूनच. कन्नडमध्ये असं चालत नाही. ‘कोडु’ म्हणजे दे. तोच ‘को’ लांबवला की शिंग. आपल्या मराठीच्या देवनागरीत त्या आखूड ‘ओ’ला वेगळी खूणही नाही.

“कसं ओळखलंस गं?” मी विचारलं.

“सर, एक लगेच सरतंय, एक लांबतंय.”

म्हणून मुद्दाम लिलावातला ‘बिड’ आणि मारहाणीतला ‘बीट’ दिला. इथं ती फसली. ‘बिड’च्या स्पेलिंगमध्ये तिनं दोन स्वर घातले, ‘बीट’ला एकच. तिचा कान खोटं सांगत नव्हता. इंग्रजीत पुढं ट, प, क आले की स्वर आखडतो, ड, ब, ग आले की रेंगाळतो. त्यामुळे ‘बीट’चा दीर्घ आणि ‘बिड’चा ऱ्हस्व लांबीला जवळपास सारखेच भरतात. खरा फरक जिभेचा. ‘बीट’ला ती टाळूकडे ताणते, ‘बिट’ला सैल होऊन जरा खाली येते.   

मग सगळ्यांना उभं केलं. आधी ‘बीट’ म्हणा, मग बेटातला ‘बेट’, आता दोघांच्या अधेमध्ये जीभ थांबवा. पाच मिनिटं नुसता गलका. शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या. पण मघाशी मेंढ्या लिहिणाऱ्या दोघा-तिघांच्या तोंडून चक्क ‘शिप’ आलं. ती मुलगीही ‘बिड’ आता जिभेवरून पडताळत होती.

मागून एकानं हात वर केला. “सर, परीक्षेत जीभ कोण बघतंय? स्पेलिंगच बघणार की!”

“बरोबर आहे,” म्हटलं, “काढा वह्या.”