बिडाच्या कठड्याची वेल ऑटोकॅडमध्ये उतरवताना

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याच्या सज्जाला बिडाचा ओतीव कठडा आहे. त्यातले काही गाळे, म्हणजे कठड्याचे वेलीची नक्षी असलेले भाग, फुटले होते. त्यांच्यासारखेच नवे गाळे ६ मिलिमीटरच्या लोखंडी प्लेटमधून लेसरने कापून घ्यायचं ठरलं. वाड्याचे मालक काका आमच्या घरच्या ओळखीचे, त्यांनी ऑटोकॅड या संगणकावर आराखडे काढायच्या प्रोग्रॅममधलं ड्रॉइंग माझ्याकडे आणून दिलं. ते कुणीतरी फोटोवरून आपोआप ट्रेस करून दिलेलं होतं. पडद्यावर वेल हुबेहूब दिसत होती. मी सगळं सिलेक्ट करून कंट्रोल आणि १ दाबलं, प्रॉपर्टीजच्या खिडकीतली वरची यादी उघडली, आणि आत काय आहे ते कळलं. हजाराच्या वर तुकडे. बहुतेक स्प्लाइन (मुक्त वळणाच्या रेषा), काही पॉलिलाइन (तुकडे जोडून झालेल्या सलग रेषा), थोडे आर्क (वर्तुळाचे कंस) आणि कळ्यांच्या जागी वर्तुळं.

मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या कटिंगवाल्या भाईंचं म्हणणं साधं होतं: "बेन, स्प्लाइन ना मोकलशो," म्हणजे स्प्लाइन पाठवू नका. फाइल डीएक्सएफ या ड्रॉइंग देवाणघेवाणीच्या स्वरूपात आणि तीही आर१२ या जुन्या आवृत्तीची हवी. आर१२ मध्ये स्प्लाइन आणि लंबवर्तुळ हे प्रकारच नाहीत. तसंच पाठवलं तर सेव्ह होताना त्यांचे बारीक तुकडे पडतात आणि ते कसे पडतील हे आपल्या हातात राहत नाही. शिवाय प्रत्येक आकार बंद हवा, आणि कुठलंही भोक प्लेटच्या जाडीपेक्षा लहान नको. माझी स्वतःची एक अट होती. पानांची टोकं गोल करायची. टोकदार कडेवर पावडर कोटिंग नीट बसत नाही, तिथूनच गंज धरतो, आणि सज्जात लहान मुलं कठड्याला धरूनच उभी राहतात.

इतक्या वक्ररेषा एकदम बदलायच्या तर आधी त्यांच्या जाती वेगळ्या कराव्या लागतात, कारण एका जातीला चालणारी कमांड दुसरीला चालत नाही. त्याच्याही आधी ओव्हरकिल, म्हणजे एकावर एक आलेल्या रेषा काढून टाकणारी कमांड. ट्रेस केलेल्या ड्रॉइंगमध्ये रेषेवर रेषा असतेच, आणि लेसर ती इमानाने दोनदा कापतो. टॉलरन्स, म्हणजे किती फरकापर्यंत दोन रेषा एकच धरायच्या, तो मी अगदी कमी, ०.०१ ठेवला. काही तुकड्यांना झेडमध्ये, म्हणजे ड्रॉइंगच्या पातळीबाहेर, उंची होती, ती एक्स्प्रेस टूल्समधल्या फ्लॅटन कमांडने काढली. एका पातळीत नसलेल्या रेषा नंतर जोडल्या जात नाहीत.

वर्तुळं सगळ्यात सोपी. क्विक सिलेक्टमध्ये (एका प्रकारच्या सगळ्या वस्तू एकदम निवडायची सोय) प्रकार 'सर्कल' निवडला, सगळ्या कळ्या हाती आल्या. प्रॉपर्टीजमध्ये त्रिज्येसमोर 'व्हेरीज' (वेगवेगळी) दिसत होतं, कारण ट्रेसिंगमुळे प्रत्येकीचं माप थोडंथोडं वेगळं होतं. तिथे ४ लिहिलं. प्रत्येक कळी आपल्या मध्यावरच राहून ८ मिलिमीटर व्यासाची झाली. हेच काम स्केल कमांडने केलं असतं तर सगळ्या कळ्या एका बिंदूपासून सरकल्या असत्या आणि वेलीवरून सुटल्या असत्या.

खरा वेळ लागला तो लांब देठांना. पीएडिट या पॉलिलाइन बदलायच्या कमांडमध्ये 'मल्टिपल' पर्याय घेऊन स्प्लाइनची पॉलिलाइन करता येते, सगळ्यांची एकदम. पण त्याआधी 'पीलाइन कन्व्हर्ट मोड' ही सेटिंग पाहायलाच हवी. मुळात ती ० असते. तेव्हा वळणाचे सरळ बारके तुकडे होतात, पडद्यावर ते गोल दिसतं आणि कापलेल्या कडेवर बोट फिरवलं की पैलू लागतात. १ केली की तेच वळण आर्कचं बनतं. आर्क मशीनला थेट कळतो, आणि आर१२ मध्येही पॉलिलाइनमधले आर्क जसेच्या तसे राहतात. मूळ स्प्लाइनची एक प्रत वेगळ्या लेयरवर (ड्रॉइंगच्या वेगळ्या थरावर) लाल रंगात ठेवली, नवी वळणं तिच्यावर बसवून झूम करून तपासली. ही प्रत ठेवल्याशिवाय कुणीही कन्व्हर्ट करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मग पीएडिटमधलाच जॉइन, म्हणजे तुकडे जोडायचा पर्याय. इथे फझ डिस्टन्स विचारतो, म्हणजे किती फटीपर्यंतची टोकं जोडायची. मोठा आकडा दिला की शेजारच्या पानाचं टोकही ओढून घेतो. मी लहान आकड्यापासून चढत गेले. दर वेळी क्विक सिलेक्टमध्ये 'पॉलिलाइन, क्लोज्ड, नो' (बंद नसलेल्या पॉलिलाइन) असं शोधलं की अजून उघडे राहिलेले आकार समोर येतात. शेवटी उरले ते हाताने जोडले.

पानांकडे वळले तेव्हा मात्र हात थांबला. शेकडो टोकं गोल करायची कशी? पॉलिलाइनची सगळी टोकं एकदम गोल करणारा फिलेट कमांडचा पर्याय दोन सरळ बाजू मिळतात तिथेच चालतो, पानाच्या टोकाला दोन आर्क मिळतात. मी उठून वाड्यावर गेले आणि शाबूत गाळा जवळून पाहिला. पानं सगळी एकच होती! बीड ओततात ते लाकडी साच्यावरून वाळूत ठसा उठवून, त्यामुळे एका साच्याचे गाळे एकसारखेच निघणार. पान लहान-मोठं किंवा उलटं, एवढाच फरक. शेकडो वेगळी पानं ही ट्रेसिंगने निर्माण केलेली गोष्ट होती. काकांना दाखवलं तर ते म्हणाले, "अगं, इतकी वर्षं इथे उभा राहतो, हे कधी पाहिलंच नव्हतं."

मग ट्रेस केलेली पानं पुसली. एका पानाची मापं कठड्यावरूनच घेतली, ते आर्कमध्ये नीट काढलं, टोकाला गोलाई दिली आणि त्याचा ब्लॉक केला, म्हणजे मूळ आकृती बदलली की तिच्या सगळ्या प्रती बदलतात. अलाइन कमांडने ते प्रत्येक जागी बसवलं, उलटं हवं तिथे मिरर कमांड. यात एक गोष्ट सांभाळावी लागते. ब्लॉक लहान केला की गोलाईही लहान होते. २ मिलिमीटरची गोलाई ०.७ पटीच्या पानात १.४ उरते. म्हणून सगळ्यात लहान पानाला २ मिळेल अशा हिशेबाने मूळ पानात गोलाई ३ च्या जरा खाली ठेवली. पूर्ण गाळ्याचाही ब्लॉक केला.

त्याचा उपयोग लगेच झाला. दोन भोकांमधली लोखंडाची पट्टी पानाच्या बुडाशी ६ मिलिमीटरपेक्षा बारीक राहते आहे, असं भाईंनी सांगितलं. ब्लॉक एडिटर उघडून बूड किंचित आत घेतलं आणि सेव्ह केलं. सगळ्या गाळ्यांतली सगळी पानं बदलली.

पाठवण्याआधी प्रत काढून ब्लॉक फोडले, आधी गाळ्याचे, मग पानांचे, आणि उघडे आकार पुन्हा एकदा शोधले. एकही नव्हता. फाइलमध्ये कोपऱ्यात १०० मिलिमीटरचा चौकोन ठेवला, म्हणजे मशीनवर माप तपासता येतं. पहिला गाळा कापून आला तो जुन्याशेजारी धरून पाहिला, पानावर पान बसलं. मागच्या सज्जाचे गाळे वीतभर अरुंद आहेत, त्यांना हेच पान चालणार आहे, फक्त देठ नव्याने काढावे लागतील.