नऊवारी, अडकित्ता आणि वीस मिनिटं

चित्रकलेच्या वर्गात पेशवाईतली बाई म्हणून मॉडेल बसायला लागून तीन रविवार झाले. पुण्यात पेठेतल्या जुन्या घराचा वरचा मजला, दहा-बारा जण, हातात चारकोल. नोंद लिहून ठेवते, म्हणजे या वाटेला जाणाऱ्यांना माझ्याच चुका पुन्हा करायला नकोत.

पहिल्या रविवारी नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्या ड्रेपरीवाल्याकडून शिवलेली नऊवारी आणली. पाच मिनिटांत अंगावर, आरशात झकास. कागदावर मात्र सगळ्यांनी ढगळ पायजमा काढला! शिवलेल्या निऱ्या एकाच मापाच्या, गुडघा वळवला तरी ढिम्म. त्यात कापड चकचकीत, जिकडेतिकडे नुसते उजेडाचे ठिपके. सर म्हणाले, "ताई, साडी कुठे ताणली जातेय तेच दिसत नाही. रेघ सुरू कुठून करायची?" बरोबरच होतं. नाटकातला पोशाख लांबून बघायचा असतो. इथे माणूस पाच-सहा फुटांवर बसून तुमच्या गुडघ्यामागचा सळ न्याहाळतो.

मग आत्याकडे गेले. तिची जुनी सुती इरकल, नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर, परकर नाही, सगळी भिस्त कमरेच्या गाठीवर. तिने चारदा नेसवली, चारदा सोडायला लावली. "गाठ घट्ट मार, बाकीचं लुगडं आपोआप ऐकतं." दुसऱ्या रविवारी फरक लगेच दिसला. ताण पडतो तिथून, म्हणजे उभ्या गुडघ्यापासून, कमरेपासून, खांद्यापासून चुण्या पंख्यासारख्या फाकतात आणि मुलांना धरायला जागा मिळते. टोपपदर रेशमी, तो घसरायचा. पेशवाईत सेफ्टी पिन कुठली आणू? सरळ कमरेला खोचला.

बसायचं कसं, यावर मात्र मी घसरले. सुरुवातीच्या एकेक मिनिटाच्या पोझ मजेत गेल्या. पुढे पाटावर एक गुडघा उभा करून वीस मिनिटं, आणि बाराव्या मिनिटाला खालच्या पायाला मुंग्या. विश्रांतीनंतर पावलं खडूच्या खुणांवर परत आली, पण चुण्या काही परत त्याच जागी पडल्या नाहीत. ज्यांची मांडी अर्धी काढून झाली होती त्यांचे चेहरे बघवेनात. आता ठरवलंय, पहिल्या वीस मिनिटांत सगळ्यांनी कापड काढायचं, चेहरा आणि हात नंतर. पंखाही बंद. उकडतं, पण पदर हलत नाही.

हातांना काहीतरी काम हवं, नाहीतर ते मांडीवर मेल्यासारखे पडतात. केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहिल्यावर घरचा पितळी अडकित्ता घासून काढला. डाव्या हातात सुपारी, उजव्यात अडकित्ता: मनगट वळतं, बांगड्या एका बाजूला येतात, कोपरापाशी चोळीची बाही ताणली जाते. चोळीवरून आठवलं, हुकाचा ब्लाउज तिसऱ्या रविवारी बाद केला. खणाची, पुढे गाठ मारायची चोळी शिवून घेतली. बाही दंडाला काचते, पण गाठीपाशी पडणारा ताण बघून सर खूश.

आपल्या गावाला समोर बघून चित्र काढणं नवीन नाही म्हणा. पेशवे दरबारातला इंग्रजांचा वकील (रेसिडेंट) मॅलेट याच्या काळात गंगाराम तांबट या चित्रकाराने 1790 मध्ये पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातला गेंडा काढला होता. म्हणजे मॉडेल म्हणून माझा नंबर गेंड्यानंतरचा. त्याला पाटावर बसावं लागलं नसणार.

तिसऱ्या रविवारची दोन चित्रं मागून घेतली आणि आत्याला दाखवली. चेहरा ओळखतेय का, हे मला बघायचं होतं. चेहऱ्याकडे तिने पाहिलंच नाही. चष्मा वर करून कमरेपाशी बोट ठेवलं, "मागे कासोटा ढिला खोचलायस. इथे झोळ आलाय बघ." मुलाने झोळ जसाच्या तसा काढला होता. येत्या रविवारी नेसवायला ती स्वतः येणार आहे, डबा घेऊन.