नऊ महिने, एक गुडघा आणि मुका व्हिडिओ

क्लबमधल्या इलेक्ट्रॉनिक संगीतावर नाचायला शिकतेय, त्याच्या सहाव्या महिन्याच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की रनिंग मॅन (जागच्या जागी धावल्यासारखी स्टेप) जमला, आता टी-स्टेप, मग दोन्ही जोडून अख्खं गाणंभर शफल, म्हणजे पाय भराभर सरकवत करायचा नाच. ते वाक्य आज वाचवत नाही. अख्खं गाणंभर शफल झालं, एकदाच. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना उजव्या गुडघ्यात आतल्या बाजूला अशी कळ आली की कठडा धरून उभीच राहिले. मधले तीन महिने नोंद का आली नाही, असं दोघा-तिघांनी विचारलं होतं. हे कारण.

शफल शिकणाऱ्यांसाठी आधी गुडघ्याचंच सांगते, कारण चूक साधी होती आणि मला कुणी सांगितली नव्हती. टी-स्टेपमध्ये एक पाय जमिनीवरच राहतो आणि टाच, चवडा, टाच, चवडा असा वळत आडवा सरकतो. दुसरा पाय त्याच वेळी उचलायचा आणि टेकवायचा. टाच फिरते तेव्हा भार चवड्यावर हवा, चवडा फिरतो तेव्हा टाचेवर. मी दोन्ही वेळा अख्खा तळवा दाबून ठेवत होते, आणि तेही धावायच्या बुटांत. त्या बुटांचा तळ जमीन धरून ठेवण्यासाठीच बनवलेला असतो. शफलमध्ये नेमकी ती सुटायला हवी असते. बूट फिरत नाही, घोटा थोडासा फिरतो आणि उरलेला सगळा पीळ गुडघ्यात जातो. गुडघ्याचं मुख्य काम बिजागरीचं, पीळ सोसण्याचं नव्हे. शफल जिथला, त्या मेलबर्नचे शफलवाले फ्लोअरवर टाल्कम पावडर टाकायचे, ते हौस म्हणून नव्हे. (गर्दीच्या फ्लोअरवर मात्र हा उद्योग करू नका. आपण छान सरकतो आणि शेजारचा आपटतो.) मी आता घरी बुटांवरून जुने मोजे चढवते आणि बाहेर सपाट, गुळगुळीत तळाचे बूट घालते. त्या बुटांत पावसात चालता येत नाही, ते वेगळं.

फिजिओथेरपिस्टनं तीन आठवडे पाय पिळायची बंदी घातली. उभं राहायची नव्हती, म्हणून त्या तीन आठवड्यांतही मी दोन रात्री क्लबमध्ये गेले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. घरी असायचे तेव्हा जुने व्हिडिओ बघायचे. दर रविवारी स्वतःचा दीड मिनिटाचा व्हिडिओ काढायचा हा नियम मी पहिल्या महिन्यापासून पाळलाय. अशाच एका रात्री घरात सगळे झोपले होते, हेडफोन सापडेना, म्हणून आवाज बंद करून बघत बसले.

आणि मला ठोकाच सापडेना.

पाय भराभर चालले होते, हात डौलात होते, पण गाणं कुठे आहे ते दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला फोन हातात दिला आणि म्हटलं, आवाज लावू नकोस, मी ज्या ठोक्यावर नाचतेय असं वाटतं त्यावर टेबलावर टिचकी मार. तिनं दोन-चार टिचक्या मारल्या, थांबली, परत सुरू केलं, परत थांबली. मग म्हणाली, "अगं, तू नाचतेयस की गाडी सुटेल म्हणून पळतेयस?"

वाईट वाटलं, पण तिचं खरं होतं. व्हिडिओ पाव वेगानं, या वेळी आवाज लावून, पाहिला तेव्हा कळलं: किक, म्हणजे ड्रमचा खालचा धप् ठोका, वाजते त्या क्षणी मी हवेत आहे. जमिनीवर येते तोवर किक होऊन गेलेली. सहा महिने मी ठोक्यावर उडी मारत होते, ठोक्यावर उतरत नव्हते. कमरेच्या वरचं अंग तर खांबासारखं उभं, त्याला गाण्याशी देणंघेणं नाही. स्टेप सगळ्या बरोबर. ताल मात्र फक्त माझ्या डोक्यात होता.

तेव्हा उपाय म्हणून जे सुरू केलं ते इतकं बाळबोध होतं की इथे लिहायला लाज वाटते. पाय खांद्याएवढे फाकवून रोवायचे, हलवायचे नाहीत. किकवर गुडघे सैल सोडून खाली, मधल्या हॅटवर, म्हणजे झांजेच्या बारीक आवाजावर, वर. धप्, त्स, धप्, त्स. रोज वीस मिनिटं, 120 बीपीएमवर, म्हणजे मिनिटाला 120 ठोके. पहिला आठवडा फक्त एवढंच. गुडघ्याला पीळ नाही, त्यामुळे फिजिओचीही हरकत नव्हती.

या 'त्स'नं मला वेड लावलं. आपण सगळे किकबद्दल बोलतो, छातीवर बसते ती किक. पण नाचणाऱ्याला उचलते ती दोन किकांच्या मधोमध येणारी उघडी हॅट. एकोणीसशे ऐंशीच्या दशकातल्या रोलँड टीआर-909 या ड्रम वाजवणाऱ्या यंत्रात किकचा आवाज यंत्रातल्या मंडलातूनच तयार होतो, हॅट मात्र खऱ्या झांजेच्या ध्वनिमुद्रणावरून घेतलेली आहे. म्हणजे गादीसारखी गोल किक आणि वाळू फेकल्यासारखी हॅट, दोघींची जातच वेगळी. एक खाली ओढते, दुसरी वर काढते. 1994च्या ब्रिटिश कायद्यानं मोकळ्या जागेवरच्या रेव्ह (रात्रभर चालणाऱ्या नाचाच्या पार्ट्या) बंद पाडण्यासाठी त्या संगीताची जी व्याख्या केली, तिचा मथितार्थ असा की एकामागून एक येणारे तेच ते ठोके. तो मसुदा लिहिणाऱ्यानं हॅट ऐकली नसावी.

दुसऱ्या आठवड्यात यात छाती जोडली. खाली जाताना छातीचा पिंजरा किंचित मागे, वर येताना पुढे, पाण्यात लाट यावी तशी. यालाच जॅक म्हणतात आणि हे शिकागोचं देणं. तिथला वेअरहाउस क्लब 1977 साली सुरू झाला, फ्रँकी नकल्स तिथला डीजे, आणि 'हाउस' हे या संगीताचं नाव त्या क्लबवरूनच पडलं असं मानतात. मी आजवर जॅककडे म्हाताऱ्यांची स्टेप म्हणून बघायचे, कारण व्हिडिओत ती काहीच वाटत नाही. करून बघा. पाच मिनिटांत पाठीचा कणा कुठे कुठे गंजलाय ते कळतं. माझा खांद्यांच्या मधला भाग तर चक्क कुलूपबंद निघाला.

भिंतीला टेकून काढलेल्या त्या दोन रात्रींत आणखी एक खेळ सुरू केला, तो अजून चालू आहे. चार ठोक्यांचा एक बार हे सगळ्यांना माहीत असतं. पण गाणं बारमध्ये हलत नाही, आठ-आठ बारच्या तुकड्यांत हलतं. नवा आवाज येतो, क्लॅप (टाळीचा आवाज) गळते, बास निघून जातो, ते बहुतेक या तुकड्यांच्या सांध्यावर. असे चार तुकडे म्हणजे 32 बार, 128 ठोके, आणि 128 बीपीएमला बरोबर एक मिनिट. तबला शिकलेल्यांना हसू येईल, कारण हे त्यांचं समेचंच गणित आहे, फक्त आवर्तन लांबलचक. मी बोटांच्या पेरांवर बार मोजायचे आणि बदल कुठे येणार ते आधी ठरवायचे. पहिल्या रात्री वीसपैकी सात अंदाज बरोबर, दुसऱ्या रात्री तेरा. चुकले ते बहुतेक डीजेनं एक गाणं दुसऱ्यात मिसळत असताना. चांगला डीजे तेही तुकड्याच्या सांध्यावरच जुळवतो, पण तेव्हा आपण नेमकं कुठलं गाणं मोजतोय हेच विसरायला होतं.

या मोजण्याचा नाचाला फायदा काय? ड्रॉपच्या, म्हणजे रोखून धरलेली किक आणि बास एकदम परततात त्या क्षणाच्या, आधी दमून न जाणं. पूर्वी बिल्डअपमध्ये, म्हणजे ड्रॉपकडे चढत जाणाऱ्या भागात, स्नेअर ड्रमचा गडगडाट सुरू झाला की मी सगळी ताकद तिथेच उधळायचे आणि प्रत्यक्ष ड्रॉपला हाशहुश करत उभी. आता शेवटच्या आठ बारांत हालचाल उलट कमी करत नेते. एक रात्र ड्रॉपच्या आधीचा बार पूर्ण स्थिर उभी राहिले आणि पहिल्या किकला फक्त गुडघे सोडले. शेजारच्या अनोळखी मुलीनं माझ्याकडे बघून तोंडाचा असा काही चंबू केला की ती माझी या वर्षातली सगळ्यात मोठी दाद.

कानांबद्दल. मी पहिल्यापासून इअरप्लग घालते, पण फोमचे, पिवळे. ते उंच सुरांचे आवाज जास्त गिळतात आणि बास बराचसा तसाच राहतो. म्हणजे ज्या हॅटवर मी सगळा नाच बांधायला निघाले होते तीच माझ्या कानात बोळा घालून मी बाहेर ठेवली होती! हे लक्षात यायला आठवा महिना उजाडला. आता फिल्टरवाले प्लग घेतलेत, ते सगळे सूर साधारण सारखेच खाली आणतात. हॅट पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आली तेव्हा डीजे बदलला की काय असं वाटलं. प्लग नकोच म्हणणाऱ्यांसाठी आकडा: अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे 85 डेसिबलला आठ तास चालतात आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते. 100 डेसिबलला उरतात 15 मिनिटं. आपला सेट त्याहून लांब असतो.

उभं कुठे राहायचं, याचंही जरा बदललं. पूर्वी थेट सबवूफरपुढे (अगदी खालचे सूर काढणारा स्पीकर), आता त्यापासून थोडं मागे आणि मध्याकडे, जिथे हॅट आणि बास दोन्ही पोचतात. पण सब पूर्ण सोडवत नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात एका खऱ्या कार्यक्रमात संशोधकांनी ऐकूही येणार नाहीत इतके खालचे सूर मधूनमधून चालू-बंद केले, आणि ते चालू असताना लोक सुमारे 12 टक्के जास्त हलत होते. कुणाला पत्ताही नव्हता. 2022मध्ये हा अभ्यास छापून आला. मला त्यातून एवढंच पटलं की गुडघ्याला जे कळतं ते सगळं कानावरून जात नाही.

पिळायची बंदी उठल्यावर मी मुद्दाम शफलकडे गेले नाही. गेले ड्रम अँड बास या खूप वेगवान संगीताच्या रात्रीला, आणि तिथे फजिती झाली. 174 बीपीएमला खाली-वर, खाली-वर करायला गेले आणि दोन गाण्यांत पोटऱ्या गोळा झाल्या. कोपऱ्यात बसून पाणी प्यायले आणि बघत राहिले. जुनी मंडळी घाईत नव्हतीच. ती निम्म्यावर चालली होती, 87वर, आणि वरची सगळी खडखड त्यांच्या खांद्यांवरून आणि बोटांतून पाझरत होती. पाय एका वेगात, खांदे दुसऱ्या. तासभर तेच घोटलं. नीट जमलं असं म्हणणार नाही, पण घरी परतताना पाय दुखत नव्हते.

क्लबमध्ये स्वतःचा व्हिडिओ काढायचा मोह झाला होता, टाळला. बर्लिनच्या बर्गहाइन क्लबमध्ये दारातच फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, ते मला आता पटतं. फोन वर आला की आजूबाजूचे चारजण नाचायचं सोडून ताठ होतात, आणि मी स्वतः त्यातलीच. रविवारचा दीड मिनिट मात्र घरी चालू आहे.

परवाच्या रविवारी 124 बीपीएमचं साधं हाउस लावलं. जॅक, थोडं बाजूला सरकणं, शेवटच्या भागात चार-पाच टी-स्टेप, मोज्यांवरून. गुडघा गप्प होता. व्हिडिओचा आवाज बंद करून फोन पुन्हा मैत्रिणीपुढे सरकवला. या वेळी ती थांबली नाही. मान हलवत शेवटपर्यंत टेबलावर टिचक्या मारत राहिली, मी बाजूला बसून मोजत होते.

दीड मिनिटात 186 ठोके व्हायला हवेत. तिच्या टिचक्या भरल्या 93.

म्हणजे अंग आपणहून निम्म्यावर गेलंय, आणि मला न विचारता. ड्रम अँड बासच्या त्या तासाची सवय लागली, की 124 मला आता घाईचं वाटत नाही म्हणून मी त्याच्या आत आरामात पसरलेय, हे अजून ठरत नाहीये. पुढच्या रविवारी तेच गाणं, पण हॅट काढून टाकलेलं, फक्त किक आणि बास. बघू ती किती मोजते.