आधी पायरी, मग खोली

खूप जणांनी विचारलं की लंडनमधल्या आमच्या हॅरोच्या घराचं एक्स्टेंशन, म्हणजे मागे वाढवलेली खोली, झालं का, कसं झालं, फोटो टाक. फोटो टाकतेच, पण त्याआधी एक गोष्ट लिहायची आहे, कारण आमचे सगळ्यात जास्त दिवस किचन निवडण्यात गेलेच नाहीत, ते गेले मागच्या दाराच्या पायरीत.

आमचं घर 1930च्या दशकातलं, सेमी डिटॅच्ड, म्हणजे एका बाजूची भिंत शेजारच्या घराला जोडलेली. मेट्रोपोलिटन रेल्वे लंडनच्या वायव्येला जशी सरकत गेली तशी तिच्या आजूबाजूला ही घरं उभी राहिली, सगळी बहिणी बहिणी वाटतात, पुढे बे विंडो, म्हणजे बाहेर आलेली खिडकी, आणि मागे लांबच लांब गार्डन. आमचं गार्डन दक्षिणेला आहे, इथे लोक त्यासाठी जादा पैसे मोजतात. पण किचन एवढंसं, त्याला एकच दार, आणि दार उघडलं की काँक्रीटच्या तीन खडबडीत पायऱ्या. घराची जमीन गार्डनपेक्षा बरोबर 45 सेंटीमीटर उंच. आई दर उन्हाळ्यात येते, तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे ती त्या तीन पायऱ्या उतरायचीच नाही, खिडकीतून गुलाब बघत बसायची. मला ते फार लागायचं.

पहिल्यांदा ज्यांच्याकडून ड्रॉइंग काढून घेतलं त्यांनी सरळ 6 मीटरची खोली काढली, मागची अख्खी भिंत बायफोल्ड, म्हणजे घडीच्या, दारांची. सेमी डिटॅच्डला मागे 3 मीटरपर्यंत एकमजली बांधकाम प्लॅनिंग परमिशनशिवाय करता येतं, 6 पर्यंत जायचं तर कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, आधी कळवायचं आणि ते शेजाऱ्यांना विचारतात, 42 दिवसांची प्रोसेस. म्हणजे होण्यासारखं होतं. कागदावर सुंदरही दिसत होतं. पण मला त्यात बाहेर कसं जायचं हेच कळेना, आतली फरशी आणि बाहेरचं पॅटिओ, म्हणजे दारापुढचं फरसबंद अंगण, एका लेव्हलला दाखवलेलं, मग ते 45 सेंटीमीटर गेले कुठे? तर त्यांनी पॅटिओच उचललं होतं. इथे 30 सेंटीमीटरपेक्षा उंच ओटा केला तर त्याला परमिशन लागते, आणि ते बरोबरच आहे, कारण तेवढ्या उंचीवर उभं राहिलं की कुंपणावरून थेट शेजारच्या आजींच्या खोलीत दिसतं.

मग आम्ही एका शनिवारी बांबूच्या काठ्या आणि सुतळी घेऊन लॉनवर 3, 4 आणि 6 मीटरच्या रेषा मारल्या आणि त्या तीन आठवडे तशाच ठेवल्या. सकाळी चहा घेऊन मी तिथे खुर्ची टाकून बसायचे. 6 मीटरच्या रेषेवर बसलं की मधली खोली मागे कुठेतरी अंधारात राहायची आणि सफरचंदाचं झाड अगदी नाकासमोर. 3 मीटरवर बसलं की घर पण जवळ आणि झाड पण. नवरा म्हणाला अगं एवढुशी खोली, तीन मीटर म्हणजे दहा फूट, आणि मी म्हटलं आपली गुहागरची ओटी तरी केवढी होती?

आणि तिथेच उत्तर सापडलं. आमच्या गावच्या घरात माजघरातून ओटीवर उतरायचं आणि ओटीवरून खळ्यात, प्रत्येक ठिकाणी एक एक पायरी, घर एकदम संपतच नाही, हळूहळू खाली येतं. म्हणजे इथे सुद्धा बाहेर काही उचलायची गरज नाही, नवीन खोलीच खाली घ्यायची! जुन्या घरातून दोन पायऱ्या आत, 15-15 च्या, आणि उरलेली 15 ची एक पायरी बाहेर. यात आणखी एक फायदा झाला. भिंतीत ओल चढू नये म्हणून जो थर असतो तो बाहेरच्या जमिनीपासून निदान 15 सेंटीमीटर वर हवा. एका लेव्हलला बाहेर जायचं म्हटलं की दारापाशी पाणी अडवायला गटारपट्टी वगैरे करावी लागते, ते सगळं वाचलं. शिवाय छप्पर न उचलता खोली उंच वाटते.

बाबांना व्हॉट्सअपवर सांगितलं की ओटीची पायरी मोजून पाठवा. त्यांनी चिऱ्याच्या पायरीवर टेप धरून फोटो पाठवला, उंची साडेसहा इंच, रुंदी सव्वा फूट, आणि खाली लिहिलं, "बसायला पुरते." मी तो फोटो तसाच बिल्डरला दाखवला. बाहेरची पायरी आम्ही त्याहून रुंद केली, दोन फूट, दाराच्या पूर्ण लांबीची. आतल्या दोन पायऱ्यांना आईसाठी कठडा.

बायफोल्ड पण नको म्हटलं. इथे आठ महिने दार बंदच असतं आणि बंद असताना त्या उभ्या चौकटी गार्डनचे तुकडे करतात, उघडलं की घड्या पायरीवरच येऊन बसतात. दोन मोठ्या काचांचं सरकतं दार घेतलं आणि सिंकजवळ एक साधं दार, कचरा टाकायला, कोथिंबीर आणायला, पावसात चटकन आत यायला. रोजच्या वापराचं छोटं दार वेगळं ठेवाच, हे मी ज्याला त्याला सांगते.

छपराची कड अर्धा मीटर पुढे काढली. जूनमध्ये भर दुपारी सूर्य इथे 62 अंशांवर असतो, डिसेंबरमध्ये जेमतेम 15, त्यामुळे तेवढ्या कडेनं उन्हाळ्यात काचेवर जवळजवळ मीटरभर सावली पडते आणि हिवाळ्याचं ऊन अडत नाही, आत येतं.

पाया मात्र महागात गेला. लंडनची माती चिकणी, सुकली की आकसते, भिजली की फुगते, आणि शेजारच्या आजींचं पेअरचं झाड कुंपणाला लागून, त्याची मुळं पाणी ओढणार, म्हणून बांधकाम तपासणाऱ्या इन्स्पेक्टरनी खड्डा बघून अजून खोल जा म्हणून सांगितलं. आजींना पार्टी वॉलची नोटीस, म्हणजे हद्दीजवळ काम करायच्या आधी शेजाऱ्याला द्यायची ती, द्यायची होती, ती मी पोस्टानं न पाठवता हातात नेऊन दिली, चहा झाला, त्यांनी सही केली आणि एकच विचारलं, झाड राहील ना? राहिलंय.

आणि हो, जुन्या लाकडी फ्लोअरखाली हवा जायला भिंतीत जाळ्या असतात, त्या नवीन काँक्रीटनं बुजवायच्या नाहीत, खालून पाइप टाकून हवा बाहेरपर्यंत न्यायची. आमच्या बिल्डरला आठवण करून द्यावी लागली, तुम्ही कोणी करत असाल तर स्वतः उभं राहून बघा.

तुळस ऑक्टोबर ते मे आत असते, इथली थंडी तिला सोसत नाही. तिच्यासाठी सरकत्या दाराशेजारी बुटकी खिडकी ठेवलीय, कडीपत्ता पण तिथेच. मागच्या आठवड्यात दोन्ही कुंड्या बाहेर पायरीवर काढल्या. आई आली तेव्हा मी गाडीतून बॅगा काढत होते, आत येऊन बघते तर ती कुठेच नाही. मागे गेले, तर पायरीवर तुळशीशेजारी पाय सोडून बसली होती, स्वेटर पण काढला नव्हता.